कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजातून ग्लोबल स्टडीज करून यूसीला (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला) जाता येतं का?

येतं. कम्युनिटी कॉलेजात पहिली दोन वर्षं करून पुढे यूसीत ट्रान्सफर घ्यायची. कोर्स निवडण्याआधी असिस्ट डॉट ऑर्गवर आपलं कॉलेज आणि हवं ते विद्यापीठ टाकून कोणते कोर्स धरले जातात ते बघा. ट्रान्सफरयोग्य ६० सेमिस्टर युनिट (क्रेडिट) लागतात. घोळ होतो परकीय भाषेत. बऱ्याच ठिकाणी ती मागतात आणि तिच्या पातळ्या एकामागून एकच घेता येतात, म्हणून पहिल्याच सेमिस्टरला सुरू कराच. टॅग म्हणजे ट्रान्सफर घेणाऱ्यांना प्रवेशाची हमी देणारी योजना; ती सहाच यूसी कॅम्पसची. बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन दिएगो त्यात नाहीत. टॅगचा अर्ज सप्टेंबरमध्ये, एकाच कॅम्पससाठी. यूसी प्रवेशाचा मुख्य अर्ज नंतर वेगळा भरायचा. तो राहिला की हमी गेली. एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर असाल तर दर सेमिस्टरला किमान १२ युनिट घ्या; त्यांत ऑनलाइन कोर्स एकच मोजतात.