पहिल्यांदाच शेवटच्या आजारातल्या पेशंटजवळ बसताना

ताई, सगळं एकदम यायला पाहिजे असं काही नाही. आधी तोंडाची निगा शिक: ओल्या कापसाच्या बोळ्याने ओठ, जीभ अलगद पुसायची.

नव्यांची मोठी चूक म्हणजे बळंच भरवणं. आपल्या लातूर-बीडकडं "दोन घास तरी खाऊ द्या" म्हणत लेक पेजेची वाटी घेऊन उशाशी बसतेच. तिला सांग, शरीर थांबत आलं की भूक आपोआप जाते. बळजबरी केली तर ठसका लागतो, घास श्वासनलिकेत जातो. वाटी बाजूला ठेवून तिच्या हाती तो बोळा दे. मी पाहिलंय, थरथरणारा हात लगेच स्थिर होतो.

मॉर्फिन, म्हणजे दुखणं कमी करणारं औषध, डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेलाच दे, कण्हण्याची वाट पाहू नकोस. "बरे होतील" असं खोटं बोलू नकोस. उशाशी जपून बोल, डोळे मिटले तरी ऐकू येत असू शकतं.

बाकीचं हळूहळू सांगते.