वाचक विचारतात : सिंगल, समीक्षक आणि मागाचा खडखडाट

प्रश्न : आमच्या चौघांच्या रॉक बँडचं पहिलं सिंगल महिन्यापूर्वी आलं. दोन समीक्षकांनी चालीचं आणि ड्रम्सचं कौतुक केलं. पण शब्द कळत नाहीत आणि कोरस आला तरी गाणं उसळत नाही, हेही दोघांनी लिहिलं. आमच्या खोलीत तर भिंती हादरतात! मास्टर (गाण्याची अंतिम फाईल) −7 एलयूएफएसवर आहे (हे सरासरी मोठेपणाचं माप, शून्याच्या जितकं जवळ तितकं गाणं मोठं). चूक कुणाची? (अशोक चौक, सोलापूर)

उत्तर : एकमेकांशी संबंध नसलेल्या दोघांनी एकाच जागी बोट ठेवलं, तर तिथे दुखतंय असं धरून चाला. तुमची दुखणी मात्र दोन आहेत.

आधी कोरस. स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगवर प्रत्येक गाणं साधारण −14 एलयूएफएसच्या पातळीला आणतं. म्हणजे तुमचं गाणं 7 डेसिबलनं खाली जातं. लिमिटर (आवाजाला ठरावीक छताच्या वर जाऊ न देणारं साधन) दाबून कमावलेला मोठेपणा तिथेच परत घेतला जातो आणि दाबल्याचा चपटेपणा तेवढा उरतो. कडव्यातच लिमिटर छताला टेकला असेल, तर कोरसला वर जायला जागा कुठली? खोलीत तुम्ही मूळ फाईल वाजवता, तिला कुणी खाली खेचत नाही, म्हणून भिंती हादरतात.

लिमिटर काढा. कडवं दीड-दोन डेसिबल खाली घ्या, कोरस आहे तिथेच ठेवा. मग लिमिटर परत लावा, पण स्नेअर ड्रमच्या ठोक्यावर 2-3 डेसिबलपेक्षा जास्त दाबू देऊ नका. सरासरी −10 च्या आसपास आली तरी रॉकला पुरे. ट्रू पीक (आवाजाचं खरं सर्वोच्च टोक) −2 डेसिबलवर ठेवा. −14 पेक्षा मोठ्या मास्टरसाठी स्पॉटिफायचाच तो सल्ला आहे, नाहीतर फाईल आकुंचन पावताना झांजा फाटतात.

आता शब्द. मराठी गाण्यात हा भाग जास्त नाजूक आहे. व्यंजनं ओळखू येतात ती मुख्यतः 2 ते 5 किलोहर्ट्‌झच्या पट्ट्यात, आणि डिस्टॉर्शनची (मुद्दाम फाटवलेल्या आवाजाची) गिटार नेमकी तिथेच ठाण मांडून बसते. महाप्राणाचा श्वास बुडाला की ‘भार’चा ‘बार’ होतो, ‘खात’चं ‘कात’. गिटारी दोनदा वाजवून डावी-उजवीकडे टाकल्या असतील, तर रेकॉर्डिंगच्या वेळी गेन (डिस्टॉर्शन वाढवणारं बटण) मंचावर ठेवता त्यापेक्षा तिसऱ्या हिश्शानं कमी हवा. दोन ट्रॅक मिळून जाडी आपोआप येते. आता पुन्हा वाजवणं शक्य नसेल तर गिटारीच्या बसमधून (सगळ्या गिटारी एकत्र येतात त्या ट्रॅकमधून) अडीच किलोहर्ट्‌झच्या आसपास 2-3 डेसिबल कापा. गायकाच्या आवाजावरचा कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारं साधन) 3:1 किंवा 4:1, अटॅक (तो दाबायला लागेपर्यंतचा वेळ) 10 ते 15 मिलिसेकंद. अटॅक 1 मिलिसेकंदावर ठेवला तर तो व्यंजनाचं टोकच चिरडतो. उरलेलं काम हातानं : ओळीच्या शेवटी गायक दम सोडतो, ते शब्द फेडरनं (आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्टीनं) एकेक करून 1-2 डेसिबल उचला. तुमच्या ओळी ‘काय बे’मधल्या ‘बे’वर संपतात, गाण्याची सगळी रग त्यात आहे आणि नेमका तोच ऐकू येत नाही.

तपासणी सोपी. पंखा चालू ठेवून, फोनच्या स्पीकरवर, अर्ध्या आवाजात गाणं लावा (सोलापुरात पंखा बंद करून कोण ऐकणार?) आणि गाणं माहीत नसलेल्या माणसाला शब्द लिहायला सांगा. जिथे चार शब्दांतला एक चुकतो, ती ओळ दुरुस्तीला घ्या.

नवा मिक्स झाला की त्याला नवा आयएसआरसी (रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक) लागतो आणि तो वेगळी आवृत्ती म्हणून जातो. जुनं गाणं काढू नका. परीक्षणांतले दुवे त्याच्याकडे जातात.

प्रश्न : शेजारी यंत्रमाग आहेत. खोलीत चादरी लावल्या तर आवाज थांबेल का? (पूर्व भाग, सोलापूर)

उत्तर : थांबणार नाही. चादर खोलीतला घुमारा शोषते, बाहेरचा आवाज अडवत नाही, आणि मागाची धडधड तर जमिनीतून येते. तरी चादरी लावाच. जाड सोलापुरी चादर दुहेरी घडी करून, चुण्या ठेवून, भिंतीपासून 10 सेंटिमीटर पुढे टांगली तर साधारण 850 हर्ट्‌झच्या वर चांगलं काम करते. चिकटवून लावली तर निम्मा फायदा गेला. माईक स्टँडखाली फोमचा तुकडा, तोंड माईकपासून 10-15 सेंटिमीटरवर, 80 ते 100 हर्ट्‌झवर हायपास (त्याखालचा आवाज काढणारा फिल्टर). गायन मात्र माग बंद असतील तेव्हाच.

प्रश्न : आमचं गाणं 5 मिनिटं 40 सेकंदांचं आहे. समीक्षक लांबीवरून नाक मुरडतील?

उत्तर : क्वीनचं ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ 1975 साली 5 मिनिटं 55 सेकंदांचं सिंगल म्हणून आलं. रेडिओसाठी फार लांब, असा आक्षेप तेव्हाही होता, समीक्षकांचीही मतं विभागलेली होती. तरी ब्रिटनमध्ये ते 9 आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. (त्याचा कर्ता फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या शाळेत शिकला, बँडमध्ये वाजवायला लागला तोही तिथेच.) पण त्या गाण्यात दर मिनिटा-दीड मिनिटाला गाण्याचं वळण बदलतं. तुमच्यात एकच रिफ (गिटारची फिरून येणारी छोटी ओळ) 16 वेळा येत असेल तर 8 वेळा ठेवा. आणि स्पॉटिफायवर 30 सेकंद वाजल्यावरच ऐकणं मोजलं जातं, तेव्हा 40 सेकंदांची नुसती सुरुवात सिंगलला परवडत नाही.

प्रश्न : समीक्षकांना गाणं कधी आणि कसं पाठवायचं?

उत्तर : प्रकाशनाच्या तीन-चार आठवडे आधी. बाहेर आलेल्या गाण्यावर लिहायला कुणाला घाई नसते. स्पॉटिफायच्या संपादकांकडेही अप्रकाशित गाणंच सुचवता येतं, किमान 7 दिवस आधी. मेलला फाईल जोडू नका, खाजगी दुवा द्या. सोबत देवनागरीत पूर्ण शब्द, कोणी काय वाजवलं, तारीख आणि एक फोटो. बँडचं वर्णन चार ओळींत, त्यातही ‘सोलापूरचा पहिला’ वगैरे दावे नकोत; समीक्षक आधी तेच खोडायला बसतो.

प्रश्न : वाईट परीक्षणाला उत्तर द्यावं का?

उत्तर : नाव, तारीख किंवा वादकाचा उल्लेख चुकला असेल तर दोन ओळींची दुरुस्ती पाठवा. मताला उत्तर नको.