वडिलांच्या जुन्या .३२ रिव्हॉल्व्हरमध्ये जास्त जोराची काडतुसं चालतील का?

तुम्ही निफाडहून विचारलंय की वडिलांची जुनी वेब्ली (ब्रिटिश बनावटीची) .३२ रिव्हॉल्व्हर वारसाहक्कानं तुमच्या परवान्यावर आली, आणि एक मित्र सांगतो, ‘पिस्तुलाचं .३२ काडतूस तिच्यात बसतं, जोरही जास्त, बिनधास्त वापर.’ माझं उत्तर आधीच सांगतो: वापरू नका. एकदासुद्धा नको. मी लष्करात आर्मरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारा होतो, आता नाशिक रोडला राहतो, आणि द्राक्षपट्ट्यातल्या घरांमधून आलेल्या अशा बऱ्याच वेब्ली हाताळल्या आहेत. हा सल्ला देणारा मित्र जवळपास प्रत्येकाला भेटलेला असतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्याकडे ‘.३२’ म्हटलं की दोन वेगळी काडतुसं एकाच नावाखाली येतात. रिव्हॉल्व्हरचं ते .३२ स्मिथ अँड वेसन लाँग, १८९६ पासूनचं. पिस्तुलाचं ते .३२ एसीपी, म्हणजेच ७.६५ मिमी. पहिल्याच्या कमाल दाबाची अमेरिकी मर्यादा आहे १५,००० पौंड प्रति चौरस इंच, दुसऱ्याची २०,५००. म्हणजे सदतीस टक्क्यांच्या आसपास जास्त. आता हे लक्षात घ्या की कारखान्यात किंवा प्रूफ हाउसमध्ये, म्हणजे शस्त्र तपासून ठसा मारणाऱ्या संस्थेत, शस्त्राची परीक्षा घेतात तीच मुळात नेहमीपेक्षा साधारण तीस टक्के जास्त दाबाचं काडतूस उडवून. ते काडतूस शस्त्राच्या आयुष्यात एकदोनदाच उडवायचं असतं, आणि तेही माणूस आडोशाला उभा राहून. तुमचा मित्र तुम्हाला त्याहून कडक काडतूस हातात धरून, पुन्हा पुन्हा उडवायला सांगतोय.

मग ते बसतं कसं? इथेच खरी फसगत आहे. १९३५ मध्ये .३५७ मॅग्नम आलं तेव्हा ते जुन्या .३८ स्पेशलच्या रिव्हॉल्व्हरमध्ये जाऊ नये म्हणून त्याची पितळी पुंगळी सव्वातीन-साडेतीन मिलिमीटरनं मुद्दाम लांब ठेवली. १९८४ चं .३२ एच अँड आर मॅग्नमही असंच लांब केलेलं, आणि पुढे आलेलं .३२७ फेडरल मॅग्नम तर ४५,००० पौंडांचं. लांबी ही त्यांची राखणदार. पण पिस्तुलाचं काडतूस रिव्हॉल्व्हरच्या काडतुसापेक्षा आखूड आहे, त्यामुळे त्याला अडवणारं काहीच नाही. त्याचा मागचा काठही थोडा लहान आहे, तरी कित्येक चेंबरमध्ये (काडतूस बसायच्या भोकात) तो टेकतो. कधी घोडा पडूनही काडतूस उडत नाही, कधी उडतं. उडालं की माणसाला वाटतं, जमलं!

लांबीच्या राखणदारावरही डोळे झाकून विसंबू नका. काही फार जुन्या रिव्हॉल्व्हरची चेंबरं आतून पायरी न ठेवता सरळ भोकं पाडलेली असतात, त्यांत लांब काडतूसही आरपार शिरतं. ‘बसलं म्हणजे चाललं’ हे रिव्हॉल्व्हरच्या बाबतीत कधीच खरं नाही.

जोराचंही बघू. रिव्हॉल्व्हरची नेहमीची गोळी ९८ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप), साधारण ७०० फूट प्रति सेकंद. पिस्तुलाची ७१ ग्रेनची, ९०० च्या आसपास. हिशेब केला तर ऊर्जा १०७ विरुद्ध १२८ फूट-पौंड. एवढ्याशा फरकासाठी हा धोका, आणि त्यातलाही काही भाग सिलेंडर (चेंबरं असलेला फिरता भाग) आणि नळी (बॅरल) यांच्यामधल्या फटीतून निसटून जाणार. शिवाय पिस्तुलाच्या गोळीवर तांब्याच्या मिश्रधातूचं कवच असतं. जुनी नळी मऊ शिशाच्या गोळीसाठी केलेली आहे.

तुमच्या वेब्लीची घडण मधून मोडणारी असेल, म्हणजे वरची खिट्टी दाबली की नळी खाली झुकते आणि पुंगळ्या बाहेर येतात. ही रचना भरायला फार सोयीची, पण गोळी सुटताना सगळा ताण त्या खिट्टीवर आणि खालच्या बिजागरीवर येतो. जास्त दाबानं ती एका झटक्यात तुटेलच असं नाही. ती थोडी थोडी ताणत जाते, सिलेंडर मागेपुढे हलायला लागतो, फट वाढते, आणि एक दिवस बाजूनं शिशाचे कण उडू लागतात. सिलेंडर फुटायचाच असेल तर तो बहुधा बाहेरच्या खाचेपाशी फुटतो, कारण सिलेंडर जागेवर अडकवायची ती खाच नेमकी चेंबरच्या पातळ भिंतीवर कोरलेली असते. जुन्या पोलादाचा भरवसाही वेगळा. स्मिथ अँड वेसनसारख्या कंपनीनं सिलेंडरला उष्णता देऊन कणखर करणं सुरू केलं तेच १९२० च्या आसपास. म्हणून ‘मी चार उडवल्या, काही झालं नाही’ हा पुरावा नव्हे. धातू थकतो तो दिसत नाही.

वेब्लीचाच एक जुना धडा आहे. पहिल्या महायुद्धातल्या .४५५ वेब्ली पुढे अमेरिकेत स्वस्तात विकल्या गेल्या. .४५५ ची काडतुसं तिथे मिळेनात, म्हणून सिलेंडरची मागची बाजू घासून त्यांत .४५ एसीपी बसवलं. मूळ दाब १३,००० च्या आसपास, नव्याचा २१,००० पर्यंत. भलीभक्कम सैनिकी शस्त्रं ती, तरी त्यांतल्या काहींचे सिलेंडर फुटले. तुमची तर खिशातली छोटी रिव्हॉल्व्हर आहे.

आता काय करायचं. रिव्हॉल्व्हर उघडून सहाही चेंबरं रिकामी आहेत हे डोळ्यांनी आणि बोटानं पाहा. नळीवर आणि सिलेंडरवर बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचे ठसे असतील. मुकुटाखाली ‘एनपी’ दिसलं तर ती धूररहित दारूसाठी तपासलेली आहे. काहींवर टनांत दाब कोरलेला असतो. तो आकडा जुन्या ब्रिटिश पद्धतीनं मोजलेला आहे, त्याला गुणून पौंडांत बदलू नका, तुलना चुकते. घोडा चढवून सिलेंडर हलवून पाहा, मागेपुढे आणि आजूबाजूला. खिट्टी सैल लागली, खाचेपाशी फुगवटा किंवा तडा दिसला, तर ती उडवायचीच नाही. घरी कानस किंवा ड्रिल लावू नका. परवान्याशिवाय शस्त्र बदलणं, दुरुस्त करणं किंवा त्याची चाचणी घेणं शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ खाली येतं. आणि चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवली असेल तर आजच बाहेर काढा, पावसाळ्यात चामडं ओल धरतं आणि आतून गंज चढतो.

तपासणीत ठीक निघाली तर परवानाधारक दुकानातून सीलबंद, .३२ रिव्हॉल्व्हरचीच साधी शिशाची काडतुसं घ्या आणि परवान्यावर नोंद करून घ्या. उडवायची ती मान्यताप्राप्त रेंजवरच. आवाज फुसका आला तर तिथेच थांबा, रिव्हॉल्व्हर रिकामी करा आणि नळीत गोळी अडकली आहे का ते बघा. अडकलेल्या गोळीमागे दुसरी सोडली तर योग्य काडतुसानंही नळी फुगते.

वडिलांच्या कपाटात जुन्या डब्यातली काडतुसं सापडतील. ती वापरू नका, आणि गोदावरीतही टाकू नका. दुकानदाराकडे किंवा तुमच्या पोलीस ठाण्यात रीतसर जमा करा आणि पावती घ्या.