सायबरपंक चालतो, पण मॉड लागत नाही: आधी लॉग बघा

उबुंटूवर प्रोटॉनने (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं स्टीमचं साधन) सायबरपंक २०७७ छान चालतोय, पण सायबर इंजिन ट्वीक्स हे मॉड (गेममध्ये बदल करणारी जोडणी) टाकूनही काही फरक नाही, एररही नाही, म्हणून परत विंडोज टाकू का, असं तुम्ही विचारलंय. मुळीच टाकू नका. हे दुरुस्त होणारं आहे.

आधी गेमच्या फोल्डरमध्ये बिन, त्यात एक्स६४, त्यात प्लगिन्स आणि त्यात सायबर इंजिन ट्वीक्सचं फोल्डर उघडा. तिथे मॉडच्याच नावाची लॉग फाइल (मॉड चालताना होणारी नोंद) आहे का? नसेल, तर मॉड बिघडलेलं नाही, ते लोडच झालेलं नाही. तुमच्याकडे बहुधा हेच झालंय.

हे मॉड व्हर्जन.डीएलएल या फाइलमार्फत गेममध्ये शिरतं (डीएलएल म्हणजे प्रोग्रॅम सुरू होताना लोड करतो ती सहाय्यक फाइल). विंडोज गेमच्या एक्झेशेजारची (मुख्य फाइलशेजारची) फाइल आधी उचलतं, त्यामुळे तिथे वेगळं काही करावं लागत नाही. प्रोटॉनच्या पोटात मात्र वाइन (विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) आहे आणि वाइनकडे याच नावाची स्वतःची डीएलएल असते. ते आपलीच वापरतं, तुमच्या फाइलकडे ढुंकूनही बघत नाही. मग एरर येणार कुठून?

प्रोटॉनट्रिक्स (प्रोटॉनच्या गेमची सेटिंग्ज बदलायचं साधन) टाका, यादीतून सायबरपंक निवडा, डिफॉल्ट वाइनप्रीफिक्स (त्या गेमचं विंडोजसारखं फोल्डर) घेऊन वाइनसीएफजी (वाइनची सेटिंग्ज) चालवा. लायब्ररीज टॅबमध्ये 'व्हर्जन' लिहून अ‍ॅड करा. समोर 'नेटिव्ह, बिल्टइन', म्हणजे आधी तुमची फाइल आणि मग वाइनची, असं दिसलं की झालं. पुढे रेडफोरएक्स्ट (दुसऱ्या काही मॉड्सना लागणारं मॉड) लागणार असेल तर 'विनएमएम' पण आत्ताच घाला, रेडफोरएक्स्टची डीएलएल त्या नावाने येते. मग प्रोटॉनट्रिक्समधूनच व्हीसीरन२०२२ आणि डीथ्रीडीकंपायलर_४७ (मॉडला लागणारे विंडोजचे घटक) टाका. आता गेम सुरू केल्यावर मॉडने ओव्हरलेसाठी (गेमवर उघडणाऱ्या मॉडच्या खिडकीसाठी) कीबोर्डवरची की निवडायला सांगितली, की ते लागलं असं समजा.

लॉग आहे पण एखादंच मॉड दिसत नाही, असं असेल तर फोल्डरची नावं तपासा. लिनक्सला कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं वेगळी वाटतात. झिप हाताने उघडताना 'आर्काइव्ह' कॅपिटल 'ए'चं एक आणि स्मॉल 'ए'चं एक, अशी दोन फोल्डर शेजारीशेजारी तयार होतात. वाइन त्यातलं एकच धरतं, दुसऱ्यातली मॉड्स पडून राहतात. गेमसोबत मुळात आलेल्या फोल्डरचं नाव जसं आहे, त्याच फोल्डरमध्ये सगळं हलवा आणि दुसरं उडवा. माझ्या मते हाताने मॉड टाकणाऱ्यांचा सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो, आणि दोष उगाच प्रोटॉनला मिळतो.

गेमला अपडेट आलं आणि मॉड बंद पडलं, तर मात्र मॉडची नवी आवृत्ती येईपर्यंत थांबा. ते विंडोजवाल्यांचंही बंदच असतं.

आणि कुणी 'कॉम्पॅटडेटा उडवून बघ' (म्हणजे प्रीफिक्स ज्यात असतो ते फोल्डर) म्हटलं तर घाई करू नका. तुमचे सेव्ह त्याच प्रीफिक्समध्ये, स्टीमयूझरच्या सेव्ह्ड गेम्समध्ये असतात. आधी ते बाहेर कॉपी करा. प्रीफिक्स नवा झाला की वाइनसीएफजीमधली सेटिंग्जही जातात, ती पुन्हा करावी लागतील.

लॉग तयार होऊनही अडलं, तर त्यातल्या शेवटच्या ओळी इथे टाका, बघतो.