मुलीच्या नडग्यांवर खवले आहेत, तिच्या बाबांनाही आहेत. हे कायमचं बरं होईल का?

सात वर्षांच्या मुलीच्या नडग्यांवर करडे खवले, हिवाळ्यात वाढणारे, आणि बाबांनाही तेच. तुमचं वर्णन इक्थिओसिस व्हल्गॅरिसशी, म्हणजे त्वचा कोरडी पडून तिच्यावर खवले धरणाऱ्या आनुवंशिक आजाराशी जुळतं. मलाही तो लहानपणापासून आहे, वडिलांकडून आलेला. निदान मात्र त्वचारोगतज्ज्ञांकडूनच करून घ्या.

मुळापासून बरं करणारं औषध आज नाही. कुणी तशी हमी दिली तर त्यात पैसे घालू नका. फिलाग्रिन नावाचं प्रथिन बनवणाऱ्या जनुकात बिघाड असतो, हे 2006 साली स्पष्ट झालं. हे प्रथिन कमी पडलं की त्वचेत ओलावा टिकत नाही आणि मृत पेशी गळून पडण्याऐवजी चिकटून साचतात. गुडघ्यामागची लवण बहुधा मऊच राहते, तळहातावर मात्र रेषांचं दाट जाळं असतं. मुलीचा हात उजेडात धरून बघा. हा आजार संसर्गजन्य नाही, हे शाळेतही सांगून ठेवा.

खरा फरक पडतो तो आंघोळीनंतरच्या दोन-तीन मिनिटांत. पाणी कोमट, साबण नावापुरता. अंग टॉवेलने नुसतं टिपा आणि ओलसर असतानाच घट्ट क्रीम किंवा पेट्रोलियम जेली भरपूर लावा. कोरड्या अंगावर लावलेलं क्रीम माझ्या नडग्यांवर तासाभरात नाहीसं होतं. खवले जाड असतील तर 10 टक्के युरियाचं किंवा लॅक्टिक अॅसिडचं क्रीम उपयोगी पडतं, पण भेगांवर ते झोंबतं. आधी साध्या मलमाने भेगा भरू द्या, मग डॉक्टरांना विचारून थोड्या जागेवर लावून बघा. सॅलिसिलिक अॅसिड लहान मुलांना अंगभर लावू नये, ते त्वचेतून रक्तात जातं. स्टेरॉइडच्या मलमाने खवले जात नाहीत. सोबत एक्झिमा असेल तरच ते देतात, आणि या आजारात एक्झिमा बऱ्याच जणांना असतो. त्यामुळे लवणीत लाली आणि खाज दिसली किंवा कुठे पू, चिघळणं दिसलं, तर लगेच दाखवा.

दगडाने किंवा घासणीने खवले खरवडू मात्र अजिबात नका. त्वचा सोलवटते, आग होते आणि खवले परत येतातच. शिवाय आपलं अंग मळलेलं आहे असं त्या पोरीच्या मनात बसतं, आणि ते फार वाईट. ती अस्वच्छ नाही, हे तिला घरातल्या प्रत्येकाकडून ऐकू आलं पाहिजे. बाबांनी तिच्यासोबत बसून स्वतःच्या पायांनाही क्रीम लावलं तर तिला ते शिक्षा वाटणार नाही.

दुसऱ्या बाळालाही हे होईल का, असं विचारलंत. आई-वडिलांपैकी एकाच्या जनुकाच्या एका प्रतीत बिघाड असेल तर प्रत्येक मुलात तो उतरण्याची शक्यता निम्मी. उतरला तरी सगळ्यांना सारखा त्रास होत नाही. माझ्या भावाची त्वचा थंडीत जरा कोरडी पडते, एवढंच.