थे मशीन तुमच्यापाशी हाये काय?

दिवाळीनंतरचा सोमवार होता. वेचणी जोरात असली की माझ्या खोलीबाहेरचा बाक रिकामाच असतो. किलोमागं मिळणारी मजुरी सोडून समुपदेशनाला कोण येणार? म्हणून साडेअकराच्या सुमारास एक जोडपं, मागं सासू आणि तिच्याही मागं मोबाईल चाळत उभा असलेला कॉलेजातला पुतण्या, असे चौघं दारात दिसले तेव्हाच वाटलं, घरात बरंच ताणलं गेलंय.

नवरा बसलाच नाही. उभ्याउभ्याच म्हणाला, "मॅडम, थे खरं-खोटं सांगणारं मशीन तुमच्यापाशी हाये काय?"

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याला बसते. गेल्या काही वर्षांत हा प्रश्न वेगवेगळ्या तोंडून आला आहे. कोणी मशीन मागतं, कोणी विचारतं, टीव्हीवर जाऊ का, कोणी म्हणतं यूट्यूबवाल्या पोट्ट्याला बोलावून समोरासमोर करून टाकू का. 'एकदाचं सगळ्यांसमोर होऊन जाऊ दे, मग मिटेल' हीच आशा सगळ्यांची. त्यासाठीच हे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि दोघांना विचारून लिहिलं आहे.

प्रकरण तसं नेहमीचं. बाई बचत गटाचं काम बघायला लागली, कामासाठी घरात मोठा मोबाईल आला, रात्री नऊ-साडेनऊला कधी बँकेच्या साहेबाचा, कधी दुसऱ्या गटाच्या बाईचा फोन यायला लागला. रजिस्टर कुठंय, हप्ता कोणाचा राहिला. नवरा त्या वेळी शेतात. रोही आणि डुकरं पीक ठेवत नाहीत, म्हणून रात्रभर मचानीवर जागल. आता जागलीला सोबत कोण? मोबाईल. त्यावर एक हिंदी कार्यक्रमाची क्लिप लागली, त्यात एक बाई खुर्चीवर आणि तिचा नवरा समोर. ती संपली की त्याच जातीची पुढची आपोआप लागते. दोन महिने त्यानं हेच पाहिलं होतं. खाली अंधार, घरी बायको, हातात रोज रात्री कोणाची ना कोणाची पकडली गेलेली बायको. मला त्याचा राग येण्याआधी कीवच आली.

पुतण्यानं मग एका कार्यक्रमाचा फॉर्म भरून टाकला होता. तिकडून फोन आला. जाण्यायेण्याचं भाडं, राहायची सोय, वर मानधन. फक्त 'वहिनींनी यायलाच पाहिजे'.

आणि वहिनी तयार होत्या. आमच्याकडं येणारी बाई धजत नसते, तिला धीर द्यावा लागतो. इथं उलटं होतं. मी तिला एकटीला आत घेतलं, तर ती ताठ बसून म्हणाली, "लावा मशीन. म्या खरी हावो न, मंग मले कायचं भेव?"

माझ्या टेबलावर कोरोनाच्या काळातलं बोटाला लावायचं ऑक्सिमीटर असतं. ते तिच्या बोटाला लावलं. वरचा आकडा ऑक्सिजनचा, खालचा नाडीचा. विचारलं, आज सकाळी चहा कोणी केला? म्यानंच केला. नाडी ८२. मग विचारलं, सासूला कधी खोटं सांगितलंय? ती काही बोलली नाही. नुसती आकड्याकडं बघत राहिली, आणि आकडा चढत गेला. ९४, १०१, १०९. तिनं घाईघाईनं बोट ओढून काढलं.

"बचत गटाच्या पैशाचं होतं ताई. पोराले चप्पल घेतली होती."

टीव्हीवरचं मशीनही मुळात एवढंच करतं. नाडी, श्वास, रक्तदाब, हाताचा घाम. त्यात खोटेपणा मोजायची सोय नसते. भीती, लाज, राग, अपमान, सगळ्याला शरीर एकाच तऱ्हेनं धडधडतं. मग दिवे, कॅमेरे, समोर नवरा, बाजूला सासू, आणि अनोळखी माणूस विचारतोय की परपुरुषाचा विचार मनात आला का. कोणत्या बाईची नाडी जागेवर राहील? खरं बोलणारीचीही उडायची, कारण तिचंही काहीतरी पणाला लागलेलं असतं.

तिला हे पटलं. पण तिची अडचण वेगळीच निघाली, आणि ती मला आधी दिसली नव्हती. ती म्हणाली, "आता नाई म्हटलं त थे म्हणतीन, पाहा, भेली."

खरी मेख इथं आहे. 'संमती घेतली होती' असं हे कार्यक्रमवाले सांगतात, कागदावर सहीही असते. पण जिथं नाही म्हणणं हाच गुन्ह्याचा पुरावा ठरतो, तिथल्या होकाराला होकार कसं म्हणायचं? सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सांगितलं, की नार्को, ब्रेन मॅपिंग आणि पॉलिग्राफ, म्हणजे या मशीनवरची, चाचणी आरोपीवरसुद्धा त्याच्या मर्जीविरुद्ध करता येणार नाही. तो तयार असला तरी ती तयारी न्यायदंडाधिकाऱ्यापुढं नोंदवायची, वकील मिळू द्यायचा, चाचणीचे परिणाम काय होतील ते समजावून सांगायचं. आपल्याकडं खुनाच्या आरोपीला एवढं मिळतं. या बाईला काय मिळणार होतं, तर रेल्वेचं तिकीट आणि चार पानांचा इंग्रजी कागद. कागद तिनं दाखवला. कॅरीबॅगमध्ये, आधार कार्डाच्या झेरॉक्ससोबत घडी घालून ठेवलेला. त्यात एक ओळ होती, की चित्रण कुठंही, कितीही वेळा, कोणत्याही माध्यमात वापरता येईल. मी ती मराठीत सांगितली तेव्हा तिनं विचारलं, "म्हंजे पोरगी मोठी झाली तरी?"

हो, पोरगी मोठी झाली तरी.

पुतण्या हुशार होता, वाद घालणारा. मला अशी मुलं आवडतात. त्याचं म्हणणं, "मॅडम, गावात त आधीच बोभाटा हाये. मंग टीव्हीवर गेलं त काय फरक?" आणि दुसरं, की या कार्यक्रमांमुळं काही जणांचं भलं होतंच की. हे दुसरं मी खोडून काढणार नाही. नवऱ्यानं मारणं हा गुन्हा आहे हे पहिल्यांदा टीव्हीवर ऐकलं, असं सांगणाऱ्या बाया मला भेटल्या आहेत. दबलेली गोष्ट चारचौघांत निघाली याचाच काहींना आधार वाटतो.

पण गावच्या बोभाट्यात आणि त्यात फरक आहे. तंटामुक्ती समितीपुढं भांडण जातं तेव्हा तिथं बसलेल्या माणसांना दुसऱ्या दिवशी त्याच टपरीवर, त्याच पाणवठ्यावर एकमेकांची तोंडं पाहायची असतात. म्हणून कोणीतरी म्हणतं, जाऊ द्या आता, राहू द्या. समोरच्याला परत यायला थोडी वाट ठेवतात. कार्यक्रमवाल्याला तुमचं तोंड पुन्हा पाहायचं नसतं. तंटा मिटला तर त्याचा भाग पडतो. तुम्ही मोडलात, रडलात, अंगावर धावून गेलात, तर ती त्याची कमाई. पुतण्यानंच मला एका क्लिपचं थंबनेल, म्हणजे वरचं चित्र, दाखवलं, बाईचं रडून वाकडं झालेलं तोंड आणि त्यावर लाल बाण.

त्याला मी दोन-तीन घटना सांगितल्या. अमेरिकेत १९९५ मध्ये जेनी जोन्सच्या कार्यक्रमात एकानं दुसऱ्या पुरुषावरचं आपलं प्रेम कॅमेऱ्यापुढं उघड केलं. आपल्यावर कोण भाळलंय हे त्या दुसऱ्याला आधी माहीत नव्हतं. तीन दिवसांनी त्यानं पहिल्याला गोळ्या घातल्या. तो भाग कधी दाखवलाच गेला नाही. ब्रिटनमध्ये जेरेमी काईलचा कार्यक्रम २००५ पासून चालू होता. २०१९ मध्ये एक ६३ वर्षांचा माणूस आपण बेइमान नाही हे सिद्ध करायला स्वतःहून त्याच मशीनवर बसला. मशीन म्हणालं, खोटं बोलतोय. आठवडाभरात तो गेला. त्याच्या मृत्यूचा थेट दोष नंतरच्या चौकशीत कार्यक्रमावर ठेवला गेला नाही, हेही सांगायला हवं. पण कार्यक्रम बंद झाला, संसदेच्या समितीनं निर्मात्यांना बोलावून विचारलं की हे मशीन किती टक्के बरोबर निघतं, आणि त्यांना ते सांगता आलं नाही. आपल्याकडं २०१० मध्ये 'राखी का इन्साफ' मध्ये हिणवला गेलेला झाशीकडचा एक जण नंतर दगावला, घरच्यांनी कार्यक्रमाला दोष दिला. सरकारनं तो कार्यक्रम रात्री अकरानंतर दाखवायला सांगितला. वेळ बदलली, एवढंच.

पुतण्या गप्प झाला. पटलं असं नाही, पण गप्प झाला.

आता नवरा. त्याला आत घेतलं, दार लावलं. संशय कधीकधी आजार असतो. दारूबरोबर येतो, किंवा माणूस कोणत्याच पुराव्यानं हलत नाही, पाळत ठेवतो, हात उचलतो. तेव्हा नुसतं बोलून भागत नाही, जिल्ह्याच्या रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञाला दाखवावं लागतं. इथं तसं दिसलं नाही. आधी त्यानं कॉलची यादी पाहिली होती, मग मोबाईलचा लॉक उघडून मागितला, मग बँकेच्या साहेबाला स्वतः फोन केला. प्रत्येक वेळी चार दिवस बरं वाटलं. मी विचारलं, "समजा मशीन म्हणालं की ती खरी आहे. तुमचा जीव किती दिवस थाऱ्यावर राहील?"

त्यानं प्रामाणिकपणे विचार केला. मग म्हणाला, "तूर निघेलोक."

म्हणजे दोन महिने. आम्ही दोघंही हसलो, आणि तिथून तो खरा बोलायला लागला. मग मी ते ऑक्सिमीटर त्याच्याही बोटाला लावलं. विचारलं, यंदाच्या पहिल्या कापसाचे पैसे किती आले आणि घरी किती दिले?

आकडा काय झाला ते मी लिहिणार नाही. त्यानं पुढं काय सांगितलं तेही नाही. पण त्या क्षणी माझ्या मनात जे आलं ते लिहिते. वाटलं, दार उघडावं, तिला आत बोलवावं, आणि हा आकडा दाखवावा. तीन महिने तिला जाब विचारणारा हा माणूस तिच्यासमोर असा घामेजलेला बसलाय. किती रंगलं असतं ते! तिला न्याय मिळाल्यासारखं वाटलं असतं, मला तर नक्कीच.

मी हे पूर्वी एकदा केलं आहे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये, सोयऱ्याधायऱ्यांसमोर मी एका नवऱ्याला असं उघडं पाडलं होतं. लोक हसले, एक-दोघांनी माझं कौतुक केलं. त्या रात्री त्यानं बायकोला मारलं. ती दुसऱ्या दिवशी आली तेव्हा तिचा डावा कान सुजलेला होता आणि ती माझ्याकडं बघत नव्हती. तेव्हापासून एकाचं दुसऱ्यासमोर काढायचं असेल, तर आधी त्याला विचारते, आणि तो नको म्हणाला तर दार बंदच ठेवते.

वाचणाऱ्याला आणखी एक जाणून घ्यायचं असेल. बाई खरी होती का? तो प्रश्न मी तिला विचारलाच नाही. माझ्या कामाला त्याचं उत्तर लागत नव्हतं. मला लागत होतं ते असं, की रात्रीचे फोन कोण करतं हे त्याला माहीत असावं, मोबाईल तिचा म्हणून राहावा, आणि जागलीला तो एकटा नसावा. पुढच्या तीन भेटी याच गोष्टींवर गेल्या. बँकेचं काम दुपारीच उरकायचं ठरलं. जागलीला आता तो चुलतभावासोबत पाळीनं जातो. संशय अजून येतो, तोच सांगतो, "येते मॅडम, पण बसत नाई."

ज्यांचं चित्रण होऊन गेलंय अशांसाठी थोडं. टीव्ही वाहिनीवर दाखवलेलं असेल तर आधी वाहिनीकडं लेखी कळवा, आणि मनोरंजन वाहिन्यांच्या तक्रार परिषदेकडंही जाता येतं. ती बीसीसीसी नावानं २०११ पासून आहे. पण प्रसारणानंतर चौदा दिवसांच्या आत, नुसतं हळहळत बसू नका. यूट्यूबवर गोपनीयतेची तक्रार ज्याचा चेहरा दिसतो त्यानंच करायची असते. बाईला वकील मोफत मिळतो, कमाई कितीही असो, तालुक्याच्या विधी सेवा समितीत विचारा किंवा १५१०० लावा. मारहाण असेल तर महिला हेल्पलाइन १८१. आणि जीव नकोसा वाटत असेल, स्वतःला किंवा घरातल्या कोणाला, तर मानसिक आरोग्याची हेल्पलाइन टेलिमानस १४४१६, मराठीत बोलतात, रात्रीही. कार्यक्रमाला जायचंच म्हणत असाल तर निदान एवढं विचारा, समोर कोणाला बसवणार ते आज नावानिशी सांगता का? उत्तर 'ते सरप्राइज आहे' असं आलं, तर बस स्टँडवरूनच घरी या.

दुसऱ्या भेटीत ते दोघं माझ्यासमोर असतानाच त्याचा फोन वाजला. मुंबईचा नंबर. तिकडची मुलगी तारीख पक्की करायला बघत होती, आवाज बाहेर ऐकू येत होता, फार गोड. त्यानं बायकोकडं पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती. तो म्हणाला, "नाई जमत ताई, आमची वेचणी चालू हाये." मुलगी म्हणाली, मग वेचणी झाल्यावर? तो म्हणाला, "मंग तूर हाये."

शेवटच्या भेटीला ती एकटी जरा मागं रेंगाळली. टेबलावरच्या ऑक्सिमीटरकडं बोट केलं.

"ताई, त्यायच्या बोटाले बी लावलं होतं काय?"

"हो."

"किती आला होता आकडा?"

"ते त्यांनाच विचारा."

ती दारापर्यंत गेली, थांबली, पदर नीट केला. बाहेरून त्यानं हाक मारली, बस लागली होती.

"राहू द्या," ती म्हणाली आणि गेली.