दोन मशीन जोडली की रिझल्ट सुधारतोच का?

प्रश्न : मी फूड टेक्नॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. मांसाच्या तुकड्यांवर निअर इन्फ्रारेड (लालच्या पुढचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश) वापरून गुण ओळखणारं मॉडेल बनवलंय, पाणी आणि फॅट मस्त येतंय पण मऊपणा काही केल्या जमत नाही. सर म्हणतात रामन (लेझर टाकून विखुरलेल्या प्रकाशावरून रेणू ओळखणारं मशीन) पण जोड. जोडू का?

उत्तर : जोडा, पण सुधारेलच असं धरून चालू नका. दुसऱ्या मशीनला पहिल्याला न दिसणारं काही दिसत असेल तरच फायदा, नाहीतर नुसता डेटा वाढतो.

तुमच्या केसमध्ये फायदा होऊ शकतो. लीन मांसात साधारण 75 टक्के पाणी असतं आणि निअर इन्फ्रारेडमध्ये 970, 1450, 1940 नॅनोमीटरला हे पाणी असं काही ठाण मांडून बसतं की शेजारचे प्रोटीनचे बारीक बदल त्याखाली दबून जातात. रामनमध्ये पाण्याचा सिग्नल मुळातच कमजोर, त्यामुळे 1650 वेव्हनंबरच्या (रामनच्या पट्टीवरचं एकक) आसपास प्रोटीनची घडी कशी बदलतेय ते बऱ्यापैकी दिसतं, आणि मऊपणाचा बराचसा संबंध तिथेच, म्हणजे कत्तलीनंतर स्नायूतली प्रोटीनं किती तुटली याच्याशी आहे. उरलेला कोलॅजेनशी (स्नायू बांधून ठेवणारं चिवट प्रोटीन), त्यासाठी फ्लुरोसन्स बरा, 340 नॅनोमीटरचा प्रकाश टाकला की कोलॅजेन निळसर चमकतं. (गंमत म्हणजे हाच फ्लुरोसन्स रामनमध्ये नको असतो, तिथे तो सगळा सिग्नल गिळतो, म्हणून लेझर सहसा 785 नॅनोमीटरचा घेतात.)

आता खरी मारामारी. रामनच्या लेझरचा ठिपका बहुतेक वेळा मिलिमीटरपेक्षाही लहान, तो नेमका फॅटच्या रेषेवर पडला तर तुम्ही मांस नाही, चरबी मोजताय. तेव्हा एका तुकड्यावर पंधरा-वीस जागी रीडिंग घ्या आणि सरासरी काढा. दुसरं म्हणजे वेळ. ताजा काप जांभळट असतो, हवा लागली की अर्ध्या-एक तासात लाल होतो, सकाळी एका मशीनवर ठेवला आणि जेवण करून दुसऱ्यावर नेला तर तो तुकडा तोच राहिलेला नसतो, मग तुमच्या मॉडेलच्या रेंजमध्ये दृश्य प्रकाश येत असेल तर ते मऊपणा सोडून हवेत किती वेळ राहिला तेच शिकून बसतं.

डेटा जोडताना दोन्ही स्पेक्ट्रम (प्रत्येक मशीनने दिलेली आकड्यांची ओळ) नुसते शेजारी चिकटवू नका, ज्याचे कॉलम जास्त आणि आकडे मोठे तो दुसऱ्याला दाबून टाकतो. प्रत्येक ब्लॉक (म्हणजे एका मशीनचा डेटा) वेगळा स्केल करा, किंवा आधी प्रत्येकाचे पीसीएचे (ढीगभर कॉलमचा सारांश थोड्या आकड्यांत आणणारी पद्धत) मोजके स्कोअर काढून तेच जोडा, माझं मत दुसऱ्याच्या बाजूने. आणि टेस्ट सेट (मॉडेल तपासायला वेगळा ठेवलेला डेटा) काढताना सुटे तुकडे नको, अख्खी जनावरं बाजूला ठेवा!! एकाच जनावराचे तुकडे दोन्हीकडे असले की आकडे छान येतात आणि नवीन जनावर आलं की सगळं कोसळतं. शिअर फोर्स (मांस कापायला लागणारा जोर, मऊपणाचं माप) मोजतानाच जेवढी चूक होते त्याच्या खाली मॉडेलची चूक जाणार नाही, हेही रिपोर्टमध्ये लिहा.

प्रश्न : पॅकेट न उघडता असं स्कॅन करून मांस खराब झालंय का कळेल का?

उत्तर : रंगावरून सांगायला गेलं तर फसाल. मांस तपकिरी झालं की 630 नॅनोमीटरला खूण दिसते, पण तपकिरी म्हणजे खराब असं नाही, आणि जास्त ऑक्सिजन भरलेल्या पॅकमध्ये ते आतून बिघडत असताना वरून छान लाल दिसू शकतं. वर प्लॅस्टिकचे स्वतःचे पीक (स्पेक्ट्रममधले उंचवटे) मिसळतात ते वेगळेच, ते रिकाम्या फिल्मचा स्पेक्ट्रम घेऊन वेगळे करायला लागतात. जंतू थोडे असताना यातलं कुठलंच मशीन त्यांना थेट बघत नाही, ते वाढून प्रोटीन मोडायला लागले की मगच काहीतरी दिसतं. म्हणून रंग, निअर इन्फ्रारेड आणि फ्लुरोसन्स तिन्हींचा कौल घेतात आणि शंका आली तर तो पॅक लॅबला जातो.